काटा बंद पडला तर काय थांबेल?

१९९८ साली पन्हाळा तालुक्यातल्या वारणानगरच्या भोवतीची ७० गावं देशभर चर्चेत आली. कोल्हापूर आणि सांगली अशा दोन जिल्ह्यांत पसरलेल्या या गावांत तात्यासाहेब कोरे यांनी उभं केलेलं सहकाराचं जाळं आधीपासूनच घट्ट होतं. साखर कारखाना होता, दूध संघ होता, बाजार होता, शाळा-कॉलेजं होती. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणा समूह यांनी मिळून तिथं 'वायर्ड व्हिलेज' हा प्रकल्प सुरू केला. गावोगावी संगणक केंद्रं निघाली. बाजारभाव, शेतीचा सल्ला, आरोग्य, शिक्षण, सरकारी योजना हे सगळं शेतकऱ्याला त्याच्या गावात, त्याच्या भाषेत मिळावं, असा त्यामागचा विचार होता.

काही वर्षांनी मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाचे राजेश वीरराघवन, केंटारो टोयामा आणि त्यांचे सहकारी या केंद्रांचा अभ्यास करायला आले. केंद्रं वापरात होती, पण त्यांचा वापर मुख्यतः साखर कारखान्याच्या कामांसाठी होत होता. उसाची नोंद झाली का, किती टन गेला, खताचं काय झालं, असल्या प्रश्नांसाठी शेतकरी तिथं येत. गाव आणि कारखाना यांच्यामध्ये जी माहिती ये-जा करत होती ती अगदी थोडी होती: एक नाव, एखादा खातेक्रमांक, चार आकडे. तेवढ्यासाठी प्रत्येक गावात संगणक, टेलिफोनची जोडणी, वीज आणि दुरुस्ती असा सगळा संसार सांभाळावा लागत होता. मग सात गावांत संगणकाच्या जागी साध्या मोबाईलचा एसएमएस लावून पाहिला. तीच कामं त्यावर झाली, आणि खर्च कितीतरी कमी आला. 'वारणा अनवायर्ड' या नावाने हा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला.

हे उदाहरण लोक बहुधा 'प्रकल्प यशस्वी की अयशस्वी' या वादात वापरतात. मला त्यातून वेगळंच काही दिसतं. ही यंत्रणा उभी राहिली ती उद्याच्या मोठ्या शक्यतेसाठी, आणि प्रत्यक्षात ती रोजच्या गरजेचं काम करत राहिली. दोन्ही गोष्टी मोलाच्या आहेत. पण शक्यतेवर पैसा लावण्याची रीत वेगळी आणि रोजचं काम बिनचूक चालवण्याची रीत वेगळी. आपल्याकडची यंत्रणा यांतली कोणती, हे ज्याला माहीत नाही त्याचा पैसा चुकीच्या ठिकाणी जातो, मग तो खेड्यातला कारखाना असो की बहुराष्ट्रीय कंपनी.

व्यवस्थापनशास्त्रात या प्रश्नाचा विचार चाळीसेक वर्षांपूर्वी सुरू झाला. १९८३ मध्ये हार्वर्डचे वॉरन मॅकफार्लन यांनी जेम्स मॅकेनी आणि फिलिप पायबर्न यांच्यासह एक साधा चौकोन मांडला. त्यात प्रश्न दोनच. आज चालू असलेल्या संगणक यंत्रणांवर धंदा किती अवलंबून आहे? आणि उद्या येणाऱ्या यंत्रणांवर धंद्याचं भवितव्य किती अवलंबून असेल? दोन्हींची उत्तरं 'कमी' किंवा 'जास्त' अशी घेतली की चार खण होतात. मॅकफार्लन यांनी या खणांत कंपन्या बसवल्या होत्या. इंग्लंडमधल्या क्रॅनफिल्डचे जॉन वॉर्ड यांनी पुढं तोच चौकोन एकाच कंपनीतल्या वेगवेगळ्या यंत्रणांना लावला, आणि खरा उपयोग तिथून सुरू झाला. कारण एकाच छपराखाली चारही प्रकार नांदत असतात.

या खणांना मराठीत मी कणा, आघाडी, चाचपणी आणि साहाय्यक म्हणतो. जी बंद पडली की आजचं काम अडतं ती यंत्रणा कण्याची. जिच्यामुळे गिऱ्हाईक शेजाऱ्याकडे न जाता आपल्याकडे येतं ती आघाडीची. जिच्यातून उद्या काही निघेल असं वाटतं पण अजून कळलेलं नाही ती चाचपणीची. असली तर सोय, दोन दिवस नसली तरी चालतं, ती साहाय्यक.

कोल्हापुरात हा चौकोन घेऊन कुठं जावं, तर फौंड्रीत. उद्यमनगरात ऑइल इंजिनं बनायची त्या काळापासून इथं लोखंड ओतण्याचं कसब आहे, आणि आज शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले या वसाहतींत शेकडो फौंड्र्या मोटारी, ट्रॅक्टर, पंप यांचे सुटे भाग ओततात. अशा एका मध्यम फौंड्रीची कल्पना करा. हिशेबाला टॅली आहे. हजेरीचं बोट टेकवायचं मशीन आणि त्याला जोडलेलं पगाराचं सॉफ्टवेअर आहे. खरेदी, साठा आणि विक्रीला ईआरपी आहे. धातूची तपासणी करणारा स्पेक्ट्रोमीटर आहे, त्याच्या संगणकावर प्रत्येक हीटचं, म्हणजे भट्टीतल्या एका खेपेच्या धातूचं, रासायनिक प्रमाण साठतं. कास्टिंग ओतण्याआधी ते कुठं पोकळ राहील हे पडद्यावर दाखवणारं सिम्युलेशन आहे. मोटार कंपनीचं पुरवठादारांसाठीचं पोर्टल आहे. ई-इनव्हॉइस आणि ई-वे बिल आहे. शिवाय भट्टीच्या विजेचा क्षणाक्षणाचा हिशेब दाखवणारी नवी यंत्रणा कुणीतरी 'बघू तरी' म्हणून बसवली आहे.

मालकाला विचारावं, यातली सगळ्यांत महत्त्वाची यंत्रणा कोणती? उत्तर बहुतेक वेळा 'ईआरपी' असं येतं, कारण तिच्यावर सगळ्यांत जास्त पैसे गेलेले असतात. पण खर्च जास्त म्हणजे महत्त्व जास्त, असं नव्हे. त्याऐवजी एकेक यंत्रणा मनातल्या मनात बंद करून पाहावी. स्पेक्ट्रोमीटरचा संगणक बंद पडला, तर भट्टीतून काढलेल्या नमुन्याचा निकाल येत नाही. निकाल येईपर्यंत वितळलेलं लोखंड भट्टीत धरून ठेवावं लागतं आणि वीज जळत राहते. मोल्ड लाइनवर साचे तयार होऊन उभे राहतात. पुढं सहा महिन्यांनी एखादा भाग फुटला आणि मोटार कंपनीने हीट नंबर सांगून रिपोर्ट मागितला, तर दाखवायला काहीच नसतं. कोपऱ्यातल्या लाकडी टेबलावरचा, धुळीने माखलेला, बॅकअप नसलेला तो संगणक या फौंड्रीचा कणा आहे, आणि संगणक विभागाच्या यादीत पुष्कळदा त्याचं नावही नसतं. तो 'लॅबचा' असतो.

म्हणून वर्गवारीच्या आधी यादी नीट व्हायला हवी. ती ऑफिसात बसून होत नाही. गेटपासून डिस्पॅचपर्यंत कच्चा माल जसा जातो तसं चालत जायचं आणि प्रत्येक टेबलापाशी विचारायचं, 'हे कशावरून ठरवता?' तेव्हा कुठं कळतं की रोज कोणता पॅटर्न लाइनवर चढवायचा ते ईआरपी ठरवतच नाही. ते प्रॉडक्शनच्या एका माणसाची एक्सेल फाईल ठरवते. ती त्यानं स्वतः बनवली आहे, तिचा पासवर्ड त्यालाच ठाऊक आहे आणि तो रजेवर गेला की सगळे त्याला फोन करतात. अशा फायलींना हसू नये. एखादी फाईल वर्षानुवर्षं टिकली असेल तर विकत आणलेल्या यंत्रणेने न भागवलेली खरी गरज ती भागवते आहे, असं समजावं.

सिम्युलेशनचं उदाहरण आणखी शिकवणारं आहे. दोन शेजारच्या फौंड्र्यांत हेच सॉफ्टवेअर असू शकतं आणि तरी खण वेगळे असू शकतात. एकीकडे गिऱ्हाईकं ठरलेली, भाग ठरलेले, पॅटर्न वर्षानुवर्षं तेच. तिथं सिम्युलेशन साहाय्यक आहे, वर्षातून चार वेळा लागतं, बाहेरच्या सल्लागाराकडून करून घेतलं तरी भागतं. दुसरी फौंड्री नवनवे, अवघड भाग लवकर बनवून देण्यावर नाव कमावते. नमुना पहिल्या-दुसऱ्या प्रयत्नात मंजूर झाला तर तिला ऑर्डर, नाही तर नाही. तिच्यासाठी तेच सॉफ्टवेअर आघाडीचं आहे. तिथं परवान्याचे पैसे वाचवून चालणार नाही आणि ते चालवणारा इंजिनिअर पुण्याला निघून जाणार नाही, याची काळजी मालकाने स्वतः घ्यायला हवी. सॉफ्टवेअरच्या खोक्यावर खण छापलेला नसतो. तो धंद्याकडे बघून ठरतो.

हे नीट ठरलं की पुढचे निर्णय पुष्कळ सोपे होतात. साहाय्यक यंत्रणा बाजारात तयार मिळते तशी, स्वस्तात स्वस्त घ्यावी. पगाराचं सॉफ्टवेअर आपल्या जुन्या पद्धतीप्रमाणे वाकवून घेण्यात लाखो रुपये घालवणारे कारखाने असतात. तिथं आपली पद्धतच थोडी बदलावी, कारण पगारपत्रक वेगळ्या रकान्यात आलं म्हणून कुणी जास्त कास्टिंग विकत घेत नाही. चाचपणीच्या यंत्रणेला थोडा पैसा, एक उत्साही माणूस आणि एक शेवटची तारीख द्यावी. त्या तारखेला ती पुढच्या खणात जाते किंवा बंद होते. आघाडीच्या यंत्रणेचा मालक संगणक विभाग असू शकत नाही, विक्री किंवा उत्पादन सांभाळणाऱ्यानेच ती सांभाळली पाहिजे. ती पूर्णपणे तयार माल म्हणून विकत घेता आली, तर शेजारीही पुढच्या महिन्यात विकत घेईल.

आणि कणा? कण्याचं काम समजायला साखर कारखान्याच्या काट्यापाशी उभं राहावं. गळीत हंगामात रात्री दोन वाजता ट्रॅक्टरच्या मागे दोन ट्रॉल्या, अशा रांगा लागलेल्या असतात. भरलेलं वजन होतं, गाडी ऊस उतरवायला गव्हाणीकडे जाते, रिकामी होऊन पुन्हा काट्यावर येते आणि फरकाची पावती हातात पडते. त्या पावतीवर शेतकऱ्याचं बिल, वाहतूकदाराचं भाडं, तोडणी टोळीची मजुरी असं सगळं उभं असतं. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस घेतल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के दराने व्याज. तोडलेला ऊस पडून राहिला की वजन घटतं आणि साखरही घटते. म्हणजे काट्याची यंत्रणा तासभर बंद पडली तर तो तास कुणाच्या तरी खिशातून जातो.

अशा यंत्रणेत हंगाम चालू असताना बदल करायचा नसतो. मिलच्या रोलरची दुरुस्ती जशी कारखाना बंद असतानाच होते, तशीच काट्याच्या आणि ऊसबिलाच्या सॉफ्टवेअरची सुधारणाही हंगाम संपल्यावर व्हायला हवी. तिची चाचणी बॉयलर पेटण्याआधी पूर्ण व्हायला हवी. यंत्रांच्या बाबतीत हे पाळणारे लोक सॉफ्टवेअरच्या बाबतीत जानेवारीत 'जरा एक अपडेट टाकून घेतो' म्हणतात, हे मला पटत नाही. कण्याच्या यंत्रणेला दुसरा संगणक तयार हवा, कागदावर काम चालवण्याची सवय टिकवलेली हवी, आणि तिची निविदा काढताना सर्वांत कमी दर एवढा एकच निकष नको. सहकारी संस्थांत हीच अडचण वारंवार येते. प्रिंटरच्या शाईला आणि काट्याच्या सॉफ्टवेअरला निविदेचा नियम एकच. नियमामागचा हेतू चांगला आहे, सभासदांचा पैसा जपण्याचा. पण चार प्रकारच्या वस्तूंना एकाच मापाने मोजून तो हेतू साधत नाही.

साखर कारखान्यातली आघाडीची यंत्रणा कोणती, हा प्रश्न कोल्हापुरात विशेष रंगतो. साखर सगळ्यांची सारखीच, ती बाजारभावाने विकली जाते. स्पर्धा आहे ती ऊस मिळवण्याची. जिल्ह्यात कारखाने पुष्कळ, सीमेपलीकडे कर्नाटकातही कारखाने, आणि शेतकरी जाणता. तो दोन गोष्टी बघतो: माझी तोड वेळेवर येते का, आणि वजनावर विश्वास ठेवता येतो का. काटामारीची तक्रार इथल्या ऊस आंदोलनांत वर्षानुवर्षं होत आली आहे. तेव्हा लागणीच्या तारखेप्रमाणे, पक्वतेप्रमाणे तोडीचा कार्यक्रम लावणारी आणि तो शेतकऱ्याला उघडपणे दाखवणारी यंत्रणा ही इथं आघाडीची आहे. वशिल्याने तोड मिळते असं एकदा गावात बोललं गेलं की पुढच्या वर्षी त्या गावचा ऊस दुसरीकडे वळायला लागतो. पण बहुतेक ठिकाणी तोडीचं हे नियोजन अजून गट कार्यालय, तोडीच्या चिठ्ठ्या देणारे चिटबॉय आणि व्हॉट्सॲपचा ग्रुप यांच्यावर चालतं, आणि पैसा मात्र मुख्य कार्यालयाच्या हिशेबावर जातो. ही तफावत वर्गवारी केल्याशिवाय कुणाच्या नजरेस येत नाही.

यंत्रणा एकदा खणात बसवली की काम संपलं, असंही नाही. यंत्रणा सरकतात. अमेरिकन एअरलाइन्सने आयबीएमच्या मदतीने १९६० च्या दशकात 'सेबर' ही आरक्षण यंत्रणा उभी केली आणि १९७६ पासून तिचे टर्मिनल प्रवासी एजंटांच्या टेबलावर नेऊन ठेवले. बराच काळ ती आघाडी होती. नंतर प्रत्येक विमान कंपनीला तशी यंत्रणा लागूच लागली. तेव्हा ती कणा झाली, असली म्हणून कुणी पुढं जात नाही, नसली तर मात्र विमान उडत नाही. निकोलस कार यांनी २००३ मध्ये 'आयटीला महत्त्व उरलेलं नाही' अशा आशयाचा लेख लिहून खळबळ उडवली, ती याच सरकण्याच्या आधारावर. त्यांचं निरीक्षण खरं होतं, निष्कर्ष मला टोकाचा वाटतो. जुन्या यंत्रणा आघाडीवरून कण्यात येतात त्याच वेळी नव्या चाचपणीतून आघाडीकडे निघालेल्या असतात.

कधी सरकवणारा हात सरकारचा असतो. ई-इनव्हॉइसची सक्ती ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांपासून सुरू झाली आणि ऑगस्ट २०२३ मध्ये ५ कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांपर्यंत खाली आली. गोकुळ शिरगावातल्या लहान कारखान्यांत बिलाचं सॉफ्टवेअर तोवर साहाय्यक होतं. वीज गेली, हाताने बिल केलं, तरी चालायचं. आता भरलेला ट्रक गेटपाशी उभा असतो आणि बिलावर क्यूआर कोड आल्याशिवाय हलू शकत नाही. सॉफ्टवेअर तेच, संगणक तोच, पण खण बदलला. ज्यांनी हे ओळखलं त्यांनी दुसरी इंटरनेट जोडणी घेतली.

कधी हा हात पंचगंगेचा असतो. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला आणि कित्येक दिवस बंद राहिला. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच घडलं. अशा वेळी कारखान्यात कोणती यंत्रणा आधी उभी करायची, याचं उत्तर गुडघाभर पाण्यात उभं राहून शोधता येत नाही. दूध संघाचं उदाहरण घ्या. गावच्या संस्थेत फॅट आणि एसएनएफ मोजून झालेली नोंद हरवली, तर दहा दिवसांच्या बिलाचा हिशेब जुळत नाही आणि पुरात जनावरं सांभाळून बसलेल्या घरात नेमका तेव्हाच पैसा येत नाही. ती नोंद पहिली. संघाचं संकेतस्थळ महिन्याभराने सुरू झालं तरी कुणाचं अडत नाही. वर्गवारी केलेली असेल तर बॅकअप कशाचा रोज, कशाचा आठवड्याला आणि कशाचा जिल्ह्याबाहेर, हे कोरड्या दिवसांत ठरून जातं. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातले अनेक विंडोज संगणक बंद पडले, भारतातल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. तिथं पूर नव्हता, पण कागदावर काम चालवायची तयारी तिथंही उपयोगी पडली.

आता चाचपणीच्या खणात गर्दी वाढते आहे. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्डच्या संशोधकांच्या साथीने उसात कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग केला. जमिनीतले सेन्सर, हवामान केंद्र आणि उपग्रहाची चित्रं जोडून पाणी आणि खताचा सल्ला मोबाईलवर द्यायचा, अशी त्याची रचना. तेव्हापासून राज्यातल्या कारखान्यांच्या बैठकांत हा विषय येतो. कोल्हापूरच्या कारखान्यांनीही हे करून पाहावं, असं मला मनापासून वाटतं. पण ते करताना पहिल्या दिवशीच लिहून ठेवावं की ही चाचपणी आहे: इतके शेतकरी, इतके एकर, दोन हंगाम, आणि शेवटी एकरी टन वाढले का, पाणी वाचलं का, एवढेच प्रश्न. सल्ला पाळणारा शेतकरी दुसऱ्या हंगामातही ॲप उघडतो का, हेही बघावं. उत्तर 'हो' आलं तर शेती विभागाने ती यंत्रणा आपल्या ताब्यात घ्यावी आणि तोडीच्या कार्यक्रमाशी जोडावी, कारण पक्वतेची माहिती तिथं कामाला येईल. 'नाही' आलं तर सेन्सर काढून ठेवावेत आणि कशामुळे जमलं नाही ते पुढच्या संचालक मंडळासाठी लिहून ठेवावं.

ही सगळी बैठक वर्षातून एकदा, अर्ध्या दिवसाची पुरते. भिंतीवर एक मोठा कागद, त्यावर चार खण आणि प्रत्येक यंत्रणेची एक चिठ्ठी. टेबलाभोवती उत्पादन, खरेदी, विक्री, हिशेब सांभाळणारे आणि काट्यावरचा किंवा लॅबमधला एखादा जुना माणूस. संगणक विभागाने यादी आणि खर्चाचे आकडे द्यावेत, पण चिठ्ठी चिकटवणारा हात धंदा चालवणाऱ्याचा असावा. साखर कारखान्याने ती हंगाम संपल्यावर, हवं तर मे महिन्यात घ्यावी, म्हणजे पावसाळ्यात कामं उरकतात. फौंड्रीला दिवाळीच्या सुट्टीआधीचा आठवडा बरा पडतो. आणि ज्यांचा सर्व्हर पंचगंगेच्या पूररेषेत तळमजल्यावर आहे, त्यांनी पावसाळ्याआधीच भरवावी.